हूं की चूं केलं नाही

मी भूलतज्ज्ञ. लोक 'भुलीच्या बाई' म्हणतात, म्हणोत बापडे. श्रीगोंद्याहून सिझरसाठी फोन आला की केडगावातून गाडी काढायची, उसाच्या ट्रॅक्टरमागे रखडत जायचं आणि कमरेत सुई दिल्यावर प्रत्येकीला एकच बजावायचं, "मळमळलं, गरगरलं, तर लगेच सांग. बोलत राहा." कमरेखालचं अंग बधिर झालं की ब्लडप्रेशर धाडकन उतरू शकतं. दंडावरचा पट्टा फुगून आकडा देईपर्यंत वेळ जातो. बाई त्याच्या आधी सांगते.

त्या दिवशीची पोर पहिलटकरीण होती. सुई दिली आणि ती काकडायला लागली. हात इतका थरथरत होता की मशीन आकडाच देईना, पट्टा नुसता फुगतोय आणि सुटतोय. "मळमळतंय का गं?" तिनं मान हलवून नाही म्हटलं. "गरगरतंय?" तेही नाही. ओठ घट्ट मिटलेले. मग तिनं जांभई दिली. प्रेशर पार उतरलं की अशी जांभई येते. मनगट धरलं तर नाडी लागेना. प्रेशर वाढवायचं इंजेक्शन दिलं, सलाईन पूर्ण सोडलं, उजव्या कमरेखाली चादरीची गुंडाळी सारून तिला डावीकडे कलती केली. तेव्हा कुठे आकडा उमटला. वरचं साठ. पुन्हा इंजेक्शन. बाळ निघालं ते निळं, आणि रडेपर्यंत त्यानं आमचा जीव काढला.

प्रेशर जागेवर आल्यावर ती बोलली, पण बाळाचं विचारलं नाही. "मी वरडले न्हाई ना, मॅडम? आत्याबाईंनी शपथ घातलीय, आत तोंड उघडायचं न्हाई म्हनून."

"मळमळत होतं ना तुला?"

"लई. डोळ्यांपुढं अंधारी बी आल्ती."

तिच्यावर काय चिडणार? बाहेर आले तर शपथ घालणारी ती सासू पेढे वाटत होती. "आमच्या सुनेनं हूं की चूं केलं न्हाई, व्हय ना?"

"नाही केलं. म्हणूनच मरत होती ती. आणि नातूसुद्धा." मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

बाईंनी ते कानाआड केलं आणि पेढा माझ्या हातावर ठेवला. शेजारी धाकटी सून उभी होती, पोटुशी, दिवस भरत आलेले. तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "बघितलंस? बाईमानसानं आसं ऱ्हावं."

धाकटीनं मान हलवली. तिचेही ओठ घट्ट मिटलेले होते.