शालू, अगरबत्ती आणि मामाची टर्बो

माझ्या लग्नाच्या दिवशी मामाच्या जीपने धामापूरच्या वाटेवरच्या चढणीवर नांगी टाकली. मुहूर्त तोंडावर आलेला, नवरा तिकडे मांडवात मुंडावळ्या बांधून बसलेला, आणि ज्याच्यासाठी मी घरात सगळ्यांशी भांडले त्याच्या आणि माझ्या मधे एक यःकश्चित चढण! मोबाईल तेव्हा नुकते हातात आले होते, पण त्या वळणावर रेंज नावाला नव्हती. मला खरं तर रडू यायला हवं होतं. पण सकाळपासून मी इतकी हवेत होते की मला हसूच फुटत होतं.

आईवडील मी लहान असतानाच गेले. मामाने वाढवलं. मामाचा सगळा जन्म होडीवर गेला, आणि उतारवयात त्याने ही जुनी टर्बो डिझेल जीप घेतली, पर्यटकांना फिरवायला. तिच्यावर त्याचा भारी जीव. मी गाडी चालवायला शिकले ती हिच्यावरच. वेग घेताना ती बारीक शीळ घालायची, आणि त्या शिळेवर आम्ही मामा-भाची दोघेही लट्टू होतो.

आज शीळच नव्हती. सपाटीवर ठीक चालली, पण चढ लागला तशी काळा धूर सोडत रांगायला लागली. पहिल्या गिअरवरही पुढे सरकेना. मागच्या सीटवर माझ्या दोन मावश्या, मधे मामी, आणि टपावर सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधलेलं रुखवत.

"डिझेलात पानी गेला आसतला," एक मावशी म्हणाली.

"दिष्ट लागली," दुसरी म्हणाली.

मामाने खाली उतरून कपाळाला हात लावला. "देवाक नारळ ठेवूक इसारलो गो!"

मग काय, भर रस्त्यात गाऱ्हाणं! आमच्याकडे कुठलंही काम अडलं की आधी देवाच्या कानावर घालायचं असतं. मामाने बंपरसमोर नारळ ठेवला, अगरबत्त्या पेटवल्या. इंजिन मात्र चालूच ठेवलं, न जाणो पुन्हा सुरू झालं नाही तर. "बा देवा म्हाराजा, ह्या चेडवाचा लगीन आसा, काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल आणि ही गाडी मांडवात नेवन पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही चौघी एका सुरात ओरडलो. शालू नेसून, हातभर हिरवा चुडा भरून मी सगळ्यांत मोठ्याने ओरडले.

मामाने पुन्हा बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. देव काही लगेच पावला नाही, पण मला बॉनेटखालून एक आवाज ऐकू आला. फुस्स. पाय सोडला की बंद, दाबला की फुस्स. हा आवाज मी ओळखत होते! आमच्या घरच्या कुकरची रबरी रिंग सैल झाली की तो अगदी अस्साच करायचा, आणि मग शिट्टी काही व्हायची नाही.

"मामा, बॉनेट उघड!"

टर्बो म्हणजे तरी काय? धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो जास्तीची हवा पाइपातून इंजिनात कोंबतो. मधेच हवा निसटली तर इंजिनाला धाप लागणारच. मी नारळासमोरची एक अगरबत्ती उचलली आणि पाइपांजवळून हळूहळू फिरवायला लागले. "गो, शालू! शालू जळात!" मामी किंचाळली. मी कुठली ऐकते! मामाने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरला. अगरबत्तीचा धूर सरळ वर चालला होता, सरळ, सरळ, आणि एका जाड रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला आल्याबरोबर फर्रकन उडाला.

मी आनंदाने नाचलेच. मामाने खाली हात घालून पाइप चाचपला. त्याचा चेहरा उतरला.

"उंदरांनी खाल्ल्यांनी मा!"

पाइपाला माशाच्या तेलाचा भपकारा येत होता. होडीच्या लाकडाला मारतात ते तेल. खाऱ्या वाऱ्याने रबर चिरेल आणि ऐन लग्नात गाडी दगा देईल, या धास्तीने मामाने आठवडाभर सगळे पाइप त्या तेलाने माखले होते. गल्लीतल्या मांजरी त्या जीपला का चिकटून बसतात ते आत्ता कळलं. त्या बॉनेटवर लोळत होत्या आणि उंदीर बॉनेटखाली जेवत होते! मी रस्त्यावर पोट धरून हसले. मामी मामावर डाफरली, आणि तिलाही हसू आवरेना.

टपावरची ट्यूब सोडली. रुखवतातले लाडू, करंज्या मावश्यांच्या मांडीवर आले. मामाने ट्यूब पाइपावर घट्ट गुंडाळली आणि वरून जाळ्याची दोरी आवळून, जाळं विणताना मारतात तशा गाठी मारल्या. गाडी सुरू झाली. चढणीला लागली, आणि मामा श्वास रोखून बसला.

शीळ आली! मावश्यांनी लाडवांसकट टाळ्या पिटल्या.

मुहूर्ताला आम्ही धावतपळत मांडवात शिरलो. अंतरपाटाच्या अलीकडे मी, माझ्यामागे रीतीप्रमाणे मामा. हात धुवायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून शालूला डाग नको म्हणत त्याने ते पाठीमागे लपवले होते. मंगलाष्टकं सुरू झाली. पलीकडून नवरा कुजबुजला, "वास कसलो येता गो?" मला पुन्हा हसू फुटलं.

तेवढ्यात मामा माझ्या कानाशी वाकला.

"चेडवा, गाडी चढणीर रवली ना, तेवां घडीभर माका बरा वाटला गो."

माझं हसू तिथेच विरलं. मी हात मागे नेऊन त्याचा तेलकट हात शोधला आणि गच्च धरून ठेवला. शालूला डाग पडायचा तो पडला. शेवटचं "सावधान" झालं, वाजंत्री वाजली, अक्षता उडाल्या. अंतरपाट दूर झाला तेव्हा समोर बघायच्या आधी मी मागे वळून बघितलं.