परक्या हातांनी वळवलेली कूस

त्या वर्षी मालक ऊसतोडीला गेले आणि मी पहिल्यांदाच घरी एकटी राहिले. आठवा महिना लागला होता. सासूबाई वारल्या होत्या, माहेरी आई नव्हती. जामखेडजवळच्या आमच्या वस्तीवर दिवसदिवस माणसाचा आवाज यायचा नाही. देवीला हात जोडायची, पण खरं सांगते, ती ऐकते यावरचा विश्वासच उडत चालला होता. भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं.

एकदा दुपारी टेम्पोत बसून तपासणीला निघाले आणि वळणावर तो रस्त्याकडेच्या चारीत कलंडला. लोकांनी मला उचलून रस्त्याकडेला उताणं झोपवलं. त्यांनी मायेनंच केलं. पण थोड्याच वेळात जीव घाबरा झाला, दरदरून घाम फुटला, भोवतीची तोंडं अंधुक झाली. त्यांत ओळखीचं एकही नव्हतं. देवीचं नाव घ्यायचंही भान उरलं नाही. तोंडून एवढंच निघालं, "आई..."

"हाय मी, बाई. भिऊ नको."

मागं थांबलेल्या एसटीतून एक पोक्त बाई उतरून आली होती. ती लोकांना म्हणाली, "हिला उतानी ठिवू नका. पोटाचा भार आतल्या मोठ्या शिरेवर पडतो, रगत फिरत न्हाई. पाठीला मार असंल, पिळवटू नका. मान मी धरते, समदे मिळून एकदमच डाव्या कुशीवर घ्या."

मला सरळ धरून वळवलं. कुणाचीतरी वाकळ घडी करून पाठीला टेकू दिला. हळूहळू डोळ्यांपुढचा अंधार हटला.

"बाळ हलतंय का गं?"

"व्हय," मी म्हणाले आणि रडायला लागले.

अँब्युलन्स येईपर्यंत तिनं माझी मान सोडली नाही. स्ट्रेचरवर घेतानाही "डावीकडं कलतीच ऱ्हाऊ द्या" असं बजावलं. दार लागलं. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मुलगी सुखरूप झाली. यंदाही मालक तोडीवर आहेत. एकटेपण सरलं, असं खोटं सांगणार नाही; संध्याकाळी ते अंगावर येतंच. ती बाई कोण होती, याचा शोधही मी घेतला नाही. त्या दिवशी मी हाकसुद्धा धड देवीला मारली नव्हती, नुसतं परक्या हातांवर अंग सोडलं होतं. आता देवीपुढं हात जोडले की मागणं सुचत नाही. तशीच अंग सोडून बसते, आणि तेवढा वेळ मला कुणीतरी सांभाळत असतं.