अप्पांनी वाचलेली जास्तीची ओळ

रायटर अप्पा पत्र वाचायला लागले की खुर्चीत अप्पा उरत नसत. ज्याचं पत्र त्याचा आवाज त्यांच्या गळ्यातून यायचा. धमकीची चिठ्ठी असली तर नरडं फुगवून, पळून गेलेल्या पोरीनं आईबापाला लिहिलेली असली तर मान खाली घालून, शब्द गिळत गिळत. औशाकडच्या एका पोलीस ठाण्यात मी शिपाई म्हणून लागले तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारी होतं. लोकांचे जबाब लिहायचे, पंचनामे लिहायचे, जप्त कागद पाकिटात घालून लाख लावायची, हे अप्पांचं काम. कपाळाला भस्म, शर्टाच्या आत गळ्यात इष्टलिंग आणि डोळे कायम अर्धे मिटलेले. साहेब ओरडायचे, "अप्पा, झोपलात का?" अप्पा म्हणायचे, "न्हाई साहेब, ऐकायलोय."

गुन्ह्यातल्या पत्रांबद्दल त्यांचं एक मत ठाम होतं. "पोरी, कागद कोर्टाचा नंतर. आधी ज्याच्या नावानं लिवलाय त्याचा." जप्त झालेलं पत्र वर्षानुवर्षं मुद्देमालात पडून राहतं, घरच्यांना मिळते ती झेरॉक्स, तीही वकिलाच्या मागं फिरून. म्हणून लाख लावण्याआधी अप्पा घरच्यांना समोर बसवायचे आणि पत्र एकदा वाचून दाखवायचे. नियमात असलं काही नव्हतं. पण त्या वेळी ते सगळ्यांना चहा मागवायचे, त्यामुळे आमच्यातल्या कुणी तक्रार केली नाही.

एका हिवाळ्यात शेतातल्या विहिरीत एक सून सापडली. नवरा म्हणाला, पाय घसरला. घराचा पंचनामा करताना तिच्या ट्रंकेत, परकराच्या घडीत वहीचं एक पान निघालं. सासरच्यांनी मोबाईल काढून घेतला होता, म्हणून तिनं आईला पत्र लिहिलं होतं. ते टाकायला मात्र तिला घराबाहेर पडू दिलं नव्हतं. "नवरा विहिरीत ढकलीन म्हणतो. मला न्यायला ये." हेच, पुन्हा पुन्हा, वाकड्यातिकड्या अक्षरात. नवऱ्याविरुद्ध दुसरा धड पुरावा नव्हता.

कंधारकडून तिची आई आली, गंगाबाई. तिला वाचता येत नव्हतं. खिडकीतून ऊन टेबलावर उतरलं होतं, बाहेर लिंबावर होले घुमत होते, आणि अप्पांनी पोरीच्या आवाजात पत्र वाचलं. संपलं तशी गंगाबाई म्हणाली, "माज्यासाठी काईच न्हाई लिवलं का ओ?" अप्पांचे डोळे मिटलेलेच होते. त्याच आवाजात ते म्हणाले, "आई, तुज्या मांडीवर डोकं ठिवून एकदा झोपायचंय." मी कागद पाहिला होता. त्यावर ती ओळ नव्हती. बाई पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मी कागद पाकिटात घालून अप्पांपुढं सरकवला.

लातूरच्या कोर्टात गंगाबाईची साक्ष सुरू असताना पत्र वाचलं गेलं, आणि ती पिंजऱ्यातून ओरडली, "मांडीवर झोपायचं लिवलेलं कुठं गेलं? कुनी काढलं?" नवऱ्याचा वकील ताडकन उठला. पोलिसांनी पत्रच बदललंय, असं त्यानं लावून धरलं. पत्र पुराव्यातून बाद झालं असतं तर खटलाही गेला असता.

पुढची साक्ष अप्पांची. ठाण्याच्या साहेबांनी समजावलं, "दुःखानं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणा, विषय संपला." अप्पा म्हणाले, "तिला येडी ठरवू? मंग तिच्या जावयात आन् माज्यात फरक काय?" मला त्यांचा भयंकर राग आला होता. एवढा मुरलेला रायटर, आणि असला पोरकटपणा! पण पिंजऱ्यात उभं राहून हात जोडून ते म्हणाले, "ती ओळ माजी हाय, साहेब. बाईनं इचारलं, आन् माज्यानं न्हाई म्हनवलं न्हाई. कागदाला मी हात लावला न्हाई. घरात सापडला तवाच पंचांसमोर त्याची नक्कल उतरवलीय, जुळवून बघा." न्यायाधीशांनी नक्कल जुळवली. अक्षर न् अक्षर जुळलं.

नवऱ्याला जन्मठेप झाली. अप्पांच्या मागं खात्याची चौकशी लागली आणि त्यांचं टेबल काढून घेतलं. निकालाच्या दिवशी व्हरांड्यात ते गंगाबाईसमोर जाऊन उभे राहिले. तिच्याकडे वर बघायची त्यांची हिंमत नव्हती.

"अप्पा, ती ओळ तिची न्हाई म्हनता. हाव, नसंल," गंगाबाई म्हणाली. "पर मला ती तिच्याच आवाजात ऐकू येती, रोज. आता ती मी कुठं परत करू?"

त्यानंतर अप्पांनी कुणाचंही पत्र मोठ्यानं वाचलं नाही. निवृत्त झाले आणि लवकरच गेले.

आता ते काम मी करते. कागदावर उतरवलेले मोबाईलचे मेसेजच जास्त असतात. मीही घरच्यांना समोर बसवते, आहे तेवढंच वाचते. वाचून झालं की कुणी तरी विचारतंच, "माझ्यासाठी काही आहे का?" बहुतेक वेळा काही नसतं. मी नाही म्हणते, समोरचं माणूस मान हलवतं, आणि त्या वेळी अप्पा हवे होते असं फार वाटतं.