कोऱ्या चिठ्ठ्यांच्या चोवीस बाटल्या

माझा मामा जंगलात भुंगेरे मोजतो, असं मी शाळेत सांगितलं की मैत्रिणी पोट धरून हसायच्या. तो कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मदतनीस आहे. शहराभोवती जंगलाचे पाच तुकडे उरले होते. तिथे जमिनीत प्लास्टिकचे पेले काठापर्यंत पुरायचे, वर शेणाची पुरचुंडी टांगायची आणि दुसऱ्या सकाळी आत पडलेले भुंगेरे स्पिरिटच्या बाटल्यांत भरायचे, हे काम त्याने बावीस वर्षं केलंय. मामी त्याला दारातच अडवायची. "आधी नळाखाली जा, मग घरात पाय टाक."

प्रत्येक बाटलीत ठिकाणाची चिठ्ठी टाकायची, तीही पेन्सिलीने लिहिलेली, कारण पेनाची शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. या एका गोष्टीवरून मामा नव्या विद्यार्थ्यांना सळो की पळो करून सोडायचा.

आणि मागच्या हंगामात ही चूक त्यानेच केली. एका दिवसात दोन तुकडे उरकायचे होते, पेन्सिलीचं टोक मोडलं आणि बस सुटायला आली होती. खिशात पेन होतं. उद्या चिठ्ठ्या बदलू म्हणाला आणि साफ विसरला. आठवड्याने पाहतो तर चोवीस बाटल्यांत चोवीस कोऱ्या चिठ्ठ्या! त्यातल्या बारा मोठ्या राखीव जंगलातल्या होत्या आणि बारा दगडखाणीमागच्या छोट्या तुकड्यातल्या. त्या छोट्या तुकड्यातून रस्ता जाणार होता. तिथे भुंगेऱ्यांचे पुरेसे प्रकार सापडले तर रस्ता वळवू, असं रस्ता ठरवणाऱ्या समितीने सांगितलं होतं. जुने आकडे त्यांना चालत नव्हते, याच हंगामाचे हवे होते.

विभागाच्या प्रमुख बाईंनी दार लोटून घेतलं. मी त्या दिवशी मामाचा डबा घेऊन गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"मामा, कुठला भुंगेरा कुठला, हे तुम्ही डोळे मिटून सांगाल. लिहून टाका ना," बाई म्हणाल्या. कॉलेजातही सगळे त्याला मामाच म्हणायचे.

मामाने एकेक बाटली खिडकीशी धरली. दुपार उलटून गेली. डबा तसाच राहिला.

"बाई, तिथे नेहमी काय सापडतं ते मला माहीत आहे," तो शेवटी म्हणाला. "या वेळी काय सापडलं ते माहीत नाही. मी लिहिलं तर ती माझी आठवण होईल, मोजणी नाही होणार."

मग त्याने पेन्सिल घेतली आणि चोवीस चिठ्ठ्यांवर एकच मजकूर लिहिला: ठिकाण अज्ञात. बाईंनी लोटलेलं दार उघडलं.

दुसऱ्या दिवसापासून तो खाणीमागे जायला लागला. गुडघा दुखत होता तरी एकट्याने पेले पुरले. पण पाऊस थांबून माती कडक झाली होती आणि भुंगेरे खोल गेले होते. जिथे तीसेक प्रकार निघायचे तिथे अकरा निघाले. त्याने अकराच लिहिले. मामी घरी डोक्याला हात लावून बसली. "बाईच सांगत होत्या, तर दोन अक्षरं लिहायला हात झडला असता का याचा?"

समितीला अकरा पुरले नाहीत. पुढच्या महिन्यात रस्त्यासाठी झाडं पडली. मामा दोन दिवस बघायला गेला, तिसऱ्या दिवशी गेला नाही.

लोकांना वाटतं, मला त्याचा अभिमान वाटत असेल. वाटतोही. पण त्याहून जास्त राग येतो, कुणाचा ते नीट सांगता येत नाही. एकदा न राहवून मी त्याला विचारलंच, "मामा, तू खोटं लिहिलं असतंस तर ती झाडं राहिली असती ना?"

"राहिली असती," तो म्हणाला.

त्या दिवशी तो जेवला नाही. मी पुन्हा कधी विचारलं नाही.