सनमायका घासल्याशिवाय

आठवीत शाळा सुटली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. पण लोकांच्या घरात जाऊन सनमायकाची कपाटं रंगवायचं काम असं, की पँटीवर रंगाचे थेंब पडावेत तसे किस्से पडतच राहतात.

चिकलठाण्याच्या एका फ्लॅटमध्ये आमचे रशीद उस्ताद पॉलिश पेपरनं कपाट घासायला लागले. मालकीणबाई ओरडल्या, "अहो, रंगवायला बोलावलं, खरवडायला नाही!"

उस्ताद म्हणाले, "भाभी, सनमायका नये दामाद जैसा. जरा रगडे बगैर किसीकी सुनता नहीं!"

सोफ्यावर मालकीणबाईंचा नवा जावई बसला होता. त्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

एका दादांनी घासायचा कंटाळा केला आणि स्वतःच रंग मारला. वहिनींनी कपाटाच्या दारावर टेपनं कॅलेंडर चिकटवलं. महिना संपल्यावर टेप ओढली, तर रंगही सोबत आला! वहिनी म्हणाल्या, "बरंय, महिनाही बदलला अन् कलरही!"

एक रिटायर हेडमास्तर होते. रंग वाळला का, हे दर दहा मिनिटांनी अंगठा लावून बघायचे. शेवटी आम्ही 'रंग ओला आहे' अशी पाटी लावली. पाटी खरी आहे का, हे बघायला त्यांनी परत अंगठा लावला! शिकलेल्या माणसाचे एवढे अंगठे मी पहिल्यांदाच बघितले. उस्ताद म्हणाले, "सर, खोबरेल तेल चोळा. रंग निघतो. थिनर-बिनर नक्को."

आता माझ्या घरचं. दोन स्थळं हातची गेली होती, कारण पाहुण्यांसमोर माझं तोंडच उघडत नाय. तिसरं स्थळ करमाडचं. ते लोक मुलीला घेऊन घर बघायला येणार म्हणून मी जुनं कपाट पांढरं केलं. धूळ बसू नये म्हणून आईनं ओल्या रंगावरच दारं लावून घेतली. पाहुणे आले, आणि चांगले कप आत!

आई कुजबुजली, "अरं, निघंना!" मी ओढलं. नाय.

मुलगी, कोमल, उठून आत आली. "रंग कच्चा असताना दार लावलं व्हय? तुम्ही कपाट धरा, मी ओढते."

चर्रर्र करून दार उघडलं. तिचा तळहात पांढराफेक!

तिचे वडील आईला म्हणाले, "पोरगा बोलतो का नाय?"

तेवढ्यात मी ओरडलो, "ड्रेसला पुसू नका!"

सगळे हसले. जाताना "कळवतो" म्हणाले. आधीचे दोघंही असंच म्हणून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर असताना तिच्या वडिलांचा फोन आला. "कोमल विचारती, हाताचा रंग कशानं निघंल?" मागून तिचा आवाज आला, "बाबा, नीट विचारा ना!"

समोर उस्ताद स्वतःच्या हातांना खोबरेल तेलच चोळत होते. बाटली दाखवून खुणा करायला लागले.

मी म्हणालो, "थिनर लागंल. दुकानात चांगलं मिळत नाय. मीच घेऊन येतो."

आणि करमाडची बस पकडली.