उभ्या गाडीचं डिझेल

गाडी मी अचलपूरच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली. मूळची पेट्रोलची, त्यानं तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं होतं. साठ सालानंतरची ती वर्षं. अमरावतीत डिझेलची मोटार दिसली की लोक वळून बघायचे, आणि ती बाई चालवतेय म्हटल्यावर थांबूनच बघायचे. "आवाज ट्रकसारखा हाय, पन खाते कमी," असं ठेकेदार म्हणाला होता. पहिलं खरं निघालं. दुसरं साफ खोटं.

मी तेव्हा सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. लग्न केलं नव्हतं, राहायला क्वार्टर होतं. दिवसभर माणसांचा राबता असे, पण संध्याकाळी दार लावलं की घरात घड्याळाचा आवाज तेवढा उरायचा. मी रडगाणं गाणारी बाई नव्हे. तरी काही संध्याकाळी, उगीच कुणाचा तरी आवाज ऐकावा म्हणून, मी वॉर्डात पुन्हा एक चक्कर मारून यायचे.

आई गेल्यापासून बाबा अकोल्याला एकटे राहत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. "माह्याकडं चाला," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "मले इथंच बरं हाय." म्हणून तर गाडी घेतली. रविवारी सकाळचा राउंड संपवून एस.टी.नं अकोल्याला जाऊन त्याच दिवशी परतणं जमत नसे. गाडीनं जमायचं.

जमायचं म्हणजे काय, तर ओसरीवर बसायचं. बाबा चहा करायचे. "बरं हाय ना?" "बरं हाय. तुमचं?" "माहं काय होते!" मग ते गल्लीकडे बघत बसायचे, आणि थोड्या वेळानं म्हणायचे, "निंग आता. उशीर होईन." पुढंपुढं तर चहाचा कप खाली ठेवताच म्हणू लागले. पोटची मुलगी एवढ्या लांबून येते आणि यांना ती नकोशी होते, या विचारानं माझा जीव तुटायचा. परतताना मूर्तिजापूरला थांबून डिझेल भरावं लागे, आणि तिथं सगळा राग गाडीवर निघायचा. एवढं पिते कशी ही भवानी!

शेवटी ठरवलं, की डिझेलचं कोडं सुटलं तर ठीक, नाहीतर गाडी विकायची. गाडी गेली की रविवार गेला, हे मला कळत होतं. बाबांना तरी कुठं हवा होता तो रविवार?

बडनेरा रोडवर एक मिस्त्री होता. त्यानं नोझल साफ केले, फिल्टर बदलला, पंपाची सेटिंग केली. दर वेळी म्हणायचा, "आता पाहा बाई, फुलावानी चालते." पुढचा रविवार आला की पहिले पाढे पंचावन्न. मग त्यानं रस्त्याला दोष दिला, वाऱ्याला दिला आणि अखेर म्हणाला, "बाई, तुमचा पाय भारी हाय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच पायानं मी तिला गॅरेजबाहेर काढली.

आता हिला रोगी समजूनच तपासू, म्हटलं. टाकी काठोकाठ भरली, एका सुट्टीला चांदूर रेल्वेला जाऊन आले आणि पुन्हा भरली. इतकं थोडं लागलं की पंपवाल्याला वाटलं, त्याचा पंपच अडकला. म्हणजे इंजिन ठणठणीत होतं आणि माझा पायही. मग अकोल्याच्याच रविवारी काय होतं? जाताना नाही, येताना नाही. राहिला मधला वेळ. त्या वेळात तर ती बाबांच्या दारात नुसती उभी असायची.

उभी, पण चालू! मी कपाळावर हात मारला.

ती धक्क्याशिवाय कधी सुरूच होत नसे. आमच्या वऱ्हाडात धक्क्याला कुणी बिघाड म्हणत नाही. जुनी गाडी म्हटली की धक्का आलाच. दवाखान्यात शिपाई, रोग्यांचे नातेवाईक, हवे तितके हात मिळायचे. मिस्त्रीसुद्धा तिला धक्क्यावरच सुरू करायचा, म्हणून त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. अकोल्याला मात्र पहिल्याच रविवारी ती दारात अडली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी उतरेपर्यंत बाबा धोतर खोचून मागून ढकलायला लागले होते. पाय घसरला, चष्मा पडला, गुडघे फुटले. त्या दिवसापासून त्यांच्या दारात मी गाडी बंद म्हणून केली नाही. उभ्या उभ्या बंद पडू नये म्हणून रेसही वाढवून घेतली होती. बाबांना यातलं काही बोलले नव्हते. म्हाताऱ्या माणसाला "तुमच्यानं होत नाही" असं कसं सांगायचं?

मिस्त्रीनं नवी बॅटरी टाकली, गाडी बटनावर सुरू करणारा सेल्फ दुरुस्त केला. "हे आंधी कावून नाई सांगतलं, बाई?"

"तुमी कावून नाई इचारलं?"

त्या रविवारी बाबांच्या दारात मी इंजिन बंद केलं. इतकं शांत वाटलं, की शेजारच्या घरातलं जातं ऐकू आलं. बाबा लगबगीनं बाहेर आले.

"बिघडली काय व?"

"नाई. बंद केली."

त्यांनी गाडीकडे पाहिलं. "म्हंजे, घाई नाई तुले?"

"कधी होती?"

"थे दारात घुरघुर करत राह्यते ना दर खेपी. मले वाटे, कोनी वाट पाहून राह्यलं असन तुही. मंग कसं म्हनू, जेव म्हनून?"

माझी वाट बघणारं जगात दुसरं कुणी नव्हतं. मी त्यांना गुडघ्यांचं सांगितलं. "थे कवाच बरे झाले, माय," म्हणाले आणि आत वळले.

आत दोन ताटं मांडलेली होती. कढीगोळे होते, माझ्या आवडीचे. "शनवारी डाळ भिजू घालतो," ते पाठमोरेच म्हणाले. "दर खेपी दोघायचंच करतो. मंग सोमवारी तेच खातो." मला रडू आवरेना. बाबांनी ते पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी एक गोळा वाढला.

ऊन उतरल्यावर त्यांनी बॉनेटला हात लावला. "थंडी पडली. सुरू होईन आता?"

बटन दाबताच झाली असती. "नाई होनार," मी म्हणाले. "सकाळी पाहू."

सकाळी मी चहा पिऊन बाहेर आले तर बाबा आधीच धोतर खोचून गाडीच्या मागं उभे. मी घाईघाईनं आत बसले आणि त्यांनी जोर लावायच्या आत बटन दाबलं. गाडी एका दमात सुरू झाली. आरशात बाबा दिसले, दोन्ही हात तसेच पुढं धरलेले. क्षणभर ते हातांकडेच बघत राहिले. मग खिडकीशी आले, वाकले.

"पुढच्या आइतवारी बी बिघडव," म्हणाले.