यादी न लावणारे सर

गेल्या रविवारी माझा असा काही पचका झाला की विचारू नका...

सकाळी सानिकाच्या फुटबॉल कोचचा फोन आला, घरी येऊन जाऊ का म्हणून. सानिका म्हणजे आमची लेक, वय पंधरा, फॉरवर्ड खेळते. उदयपूरच्या टूर्नामेंटसाठी तिच्या जयपूरच्या अकादमीची टीम त्याच दिवशी ठरणार होती आणि गेले दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता.

सर स्वतः घरी येतायत म्हटल्यावर मी काय समजणार? लगेच शिऱ्यासाठी रवा भाजायला घेतला. नवऱ्याला मालवीय नगरच्या मार्केटात पिटाळून गरम कचोऱ्या आणवल्या. सानिका आरशासमोर गुणगुणत वेणी घालत होती.

सर मूळचे कोल्हापूरचे. पेठेच्या टीमकडून सुरुवात, मग पुणे, गोवा, कोलकाता, पंजाब, पुन्हा गोवा... सतरा वर्षांत नऊ क्लब. भारताकडून कधी खेळले नाहीत आणि कुठल्याच क्लबात फार टिकलेही नाहीत. "मी दुसऱ्या हाफचा माणूस, बदली म्हणून उतरणारा," असं स्वतःच हसत सांगतात. शेवटचा क्लब जयपूरचा. इथे गुडघा गेला, आणि मुलींना शिकवायला म्हणून थांबले ते थांबलेच.

मी इन्शुरन्समध्ये, त्यामुळे बदल्यांचं आम्हालाही नवल नाही. भोपाळ, इंदूर आणि यंदा जयपूर. परक्या गावात कोल्हापुरी मराठी बोलणारा कोच मिळाला म्हणून मी पहिल्याच दिवशी खूश झाले होते.

तर सर आले. शिऱ्याची बशी पुढे केली, त्यांनी हात लावला नाही. आधी बोलतो म्हणाले आणि सानिकाला समोर बसवलं.

"सानिका, या वेळी तू टीममध्ये नाहीस. कमिटीनं नाही, मी तुझं नाव काढलंय."

मग कारणं सांगितली. बॉल पायाशी आला की ती खाली बघते, डावा पाय अजून भरवशाचा नाही, अंगावर डिफेंडर आला की घाई करते. एकेक गोष्ट शांतपणे, तिच्या डोळ्यांत बघून. सानिका नुसती मान हलवत होती. तिची हनुवटी थरथरायला लागली आणि इकडे माझं डोकंच सटकलं.

हे फोनवर सांगता आलं नसतं का, म्हटलं. ग्रुपवर यादी टाकायची, विषय संपला! घरी येऊन, सगळ्यांसमोर, पोरीला असं रडवायचं कशाला? आवाज चांगलाच चढला होता माझा. नवरा खुणा करत होता, पण मी कुठली ऐकतेय...

सर चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, नऊ क्लबांनी मला काढलं. घरी येऊन एकानंही सांगितलं नाही. एकदा नव्या सीझनच्या पहिल्या दिवशी किटबॅग घेऊन गेटवर गेलो, तर वॉचमननं सांगितलं, साहेब, तुमचं नाव नाही. त्या बिचाऱ्यालाच लई वाईट वाटलं. त्यानं चहा पाजला."

मी खुर्ची ओढून खाली बसले.

मग त्यांच्याच बोलण्यातून कळलं की सरांची ही पद्धत अख्ख्या अकादमीला ठाऊक आहे. ज्यांची निवड होते त्यांना संध्याकाळी मेसेज येतो. ज्यांची होत नाही त्यांच्या घरी सर स्वतः जातात. जुन्या पालकांना त्यांच्या बाईकचा आवाज आला तरी धस्स होतं म्हणे. आम्ही पडलो नवीन, आम्ही शिरा करून बसलो.

सानिका आत गेली, तोंड धुऊन आली. आता दार लावून घेईल असं मला वाटलं होतं, पण ती सरांसमोर येऊन उभी राहिली. तिचं मराठी असं अर्धं हिंदीतलं...

"सर, मतलब अजून कुणाकडे जायचंय?"

शास्त्री नगरला, हर्षिताकडे. हर्षिता गोलकीपर, सानिकाची जिवाभावाची मैत्रीण, तीन वर्षं सरांकडे शिकतेय. सगळ्यात अवघड घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं.

"मी येते," सानिका म्हणाली. "ती तुमच्यासमोर नाही रडणार. माझ्यासमोर रडेल."

सर पुढे बाईकवर, मागे स्कूटीवर आम्ही दोघी. वाटेत सानिका माझ्या पाठीला डोकं टेकून बसली होती. माझा कुर्ता ओला झालेला कळत होता. मी स्कूटी जरा हळू केली.

हर्षिताच्या दारापाशी सर थबकले. बेलकडे हात नेला, खाली घेतला. कॉलर नीट केली. पुन्हा हात वर नेला. भरल्या स्टेडियममध्ये पेनल्टी मारलेला माणूस, आणि त्याला एक बेल वाजवता येत नव्हती. "दर वेळी असंच होतं, ताई," मला हळूच म्हणाले.

शेवटी सानिकाने बेल वाजवली.

दार हर्षितानेच उघडलं. सरांना बघून तिला सगळं कळलं. सर आधी बोलले, तिलाही तसंच, डोळ्यांत बघून. ती ताठ उभी राहून 'जी सर, जी सर' करत राहिली. मग सानिका पुढे झाली आणि दोघी उंबऱ्यातच गळ्यात पडून रडल्या. सर पायरीवर बसून राहिले, दोघींचं रडून होईपर्यंत.

मला चाळिशी उलटली. आजवर मिळालेले सगळे नकार पत्राने, मेलने नाहीतर कुणाकडून तरी कानावर आले. माझ्या लेकीला मात्र पंधराव्या वर्षीच समोर बसून 'नाही' सांगणारा माणूस भेटला. कसं सांगायचं, तेही ती त्याच दिवशी शिकली.

आवाज चढवल्याबद्दल सरांना सॉरी म्हणायचं राहून गेलंय. काल मेसेज टाइप केला... आणि पुसून टाकला. उद्या त्यांच्या घरी जाऊनच सांगणार आहे.